मेन बंद करून निघालेलं घर

घरातली लाईट जाणं ही मराठवाड्यात दुःखाची गोष्ट मानली जात नाही. शेजाऱ्याची न जाणं, ही मानली जाते. म्हणून आमच्याकडं पंखा थांबला की शहाणा माणूस घरातलं एकही बटण न दाबता आधी दारात येतो आणि समोरच्या घराकडं बघतो. समोर अंधार असला की त्याच्या जिवाला शांती मिळते, तो बाज टाकून पडतो. समोर उजेड असला की मात्र तो चप्पल घालतो. वीजतपासणीची ही पहिली पायरी परभणी जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हिला खर्च नाही, शॉक बसायची भीती नाही, आणि शेजाऱ्याशी बोलायला विषयही मिळतो.

एवढी पक्की पद्धत असलेल्या जिल्ह्यात कुणी बिनशेजाऱ्याचं घर आणलं तर काय होतं, त्याचा हा वृत्तांत आहे. मी तहसीलमध्ये अव्वल कारकून होतो, त्यामुळं घडलेल्या गोष्टीला तिखटमीठ लावायची सवय मला नाही. (आम्ही ती थंड करून पुढं पाठवायचो.)

सेलूत आमच्या शेजारी मार्तंडराव राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचा माणूस. त्यांच्या मंडळी लीलावहिनी. लग्न झाल्यापासून रोज सकाळी पहिला चहा वहिनी करतात, मार्तंडराव तो अंथरुणात बसून पितात आणि पिऊन झाल्यावर त्याच्या दर्जाविषयी शेरा देतात. शाळा सुटली तरी शेरा सुटलेला नाही. यंदा त्यांच्या मुलीनं, मैथिलीनं, पुण्याहून फोन करून विचारलं की आई, लग्नाच्या वाढदिवसाला तुला काय पाहिजे? वहिनींनी सोनं मागितलं नाही, पैठणी मागितली नाही. त्या म्हणाल्या, "मला एक दिवस सकाळी अंथरुणात चहा पाहिजे. ह्यांच्या हातचा."

फोन स्पीकरवर होता, त्यामुळं मार्तंडरावांना ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. त्यांनी मागणी तत्त्वतः मान्य केली. अडचण अंमलबजावणीची होती. घरी ते जमणं शक्य नव्हतं, कारण आपल्याच स्वयंपाकघरात मार्तंडराव पाहुण्यासारखे उंबऱ्याशी उभे राहतात आणि आत हळू आवाजात काहीतरी विचारतात. त्रयस्थ जागा पाहिजे होती. मैथिलीनं मोबाईलवर शोधून ती भाड्यानं घेतली. ती जागा म्हणजे हरिओमचं गाडीघर.

हरिओम राणीसावरगावचा. त्यानं शाळेची पोरं नेणारा एक जुना टेम्पो विकत घेऊन त्याचं घर केलं आहे. त्यात एकावर एक दोन पलंग, एक बेसिन, भिंतीला मिटणारं टेबल, गुलाबी पडदे, चार इलेक्ट्रिक बोर्ड आणि पाणी उकळायची एक किटली आहे. मागच्या बाजूला दोन मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. गॅस नाही, कारण हरिओमला सिलेंडरची भीती वाटते. (गाडी चालवायची त्याला वाटत नाही, खरं तर वाटायला पाहिजे.) या वाहनाला तो कॅराव्हॅन म्हणतो. वाटेत पोरांनी ती लसीकरणाची गाडी समजून पळ काढला, त्यामुळं सार्वजनिक आरोग्याचं थोडं नुकसान झालं असावं.

आता कुणी म्हणेल, नवरा-बायकोच्या सहलीत तुम्ही कशाला? एक तर मार्तंडरावांना गाडी येत नाही आणि मला येते. दुसरं म्हणजे आमच्या भागात नवरा-बायको दोघंच कुठं निघाले तर लोक काळजीनं विचारतात, कोण आजारी आहे? सोबत तिसरा असला म्हणजे सहल निरोगी दिसते.

गावाला निघताना घर कसं सोडावं याचे मार्तंडरावांचे नियम ठरलेले आहेत. नळ पिळून बंद करायचे, खिडक्यांच्या कड्या लावायच्या, मेन बंद करायचं, दाराला कुलूप घालायचं आणि ते ओढून बघायचं. मेन बंद करण्यावर त्यांचा विशेष कटाक्ष आहे, कारण आपण नसताना लाईट जाते, येताना जोरात येते आणि फ्रीज खाऊन टाकते. हे सगळं त्यांनी आपल्या घरी केलं. मग ते गाडीघरापाशी आले. हेही घरच होतं आणि तेही गावालाच निघालं होतं. तेव्हा त्यांनी बेसिनचा नळ पिळला, खिडकीची कडी लावली, पलंगाच्या वरचं मेन खाली ओढलं, दाराला बाहेरून कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि समाधानानं माझ्याशेजारी येऊन बसले. वहिनी आत होत्या. ही गोष्ट देवगाव फाट्यावर उघडकीला आली, जेव्हा बंद गाडीतून बाई दार वाजवतेय असं दोन-तीन जणांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मार्तंडराव उतरले, कुलूप उघडलं आणि वहिनींना म्हणाले की बघ, कुलूप किती पक्कं आहे.

मुक्काम चारठाण्याला होता. तिथं दिनकरराव नावाचे शेतकरी मार्तंडरावांचे बालमित्र. त्यांच्या खळ्यात गाडी लावायची ठरली होती. बेत असा होता: रात्री दिनकररावांकडं जेवण, सकाळी वहिनींना अंथरुणात चहा, मग गावातली जुनी देवळं. पहिलं कलम नीट पार पडलं. दिनकररावांच्या तानुबाईंनी बाजरीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. वहिनी गाडीत जाऊन झोपल्या आणि झोपताना त्यांनी जाहीर केलं की उद्या चहा हातात आल्याशिवाय पाय खाली ठेवणार नाही.

सकाळी मार्तंडराव उठले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या आधी उठले, हे इथं नोंदवून ठेवतो. किटलीत पाणी घातलं, पिन बोर्डात घातली, बटण दाबलं. किटली गप्प. दुसऱ्या बोर्डात घातली, तिसऱ्यात, चौथ्यात. चारही बोर्ड ठार. मार्तंडराव रीतीप्रमाणं दारात आले आणि समोर बघितलं. समोर तुरीचं रान होतं. डावीकडं कडब्याची गंजी होती. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा पोरकेपणा मी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

इथून पुढं चौकशी सुरू झाली. ती उघड्यावर होती आणि सर्वांना खुली होती, त्यामुळं दूध घालायला निघालेले, शेताला निघालेले आणि कुठंच न निघालेले असे तिन्ही गटांतले लोक जमले. जमलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांना विजेतलं कळत होतं. आलेल्या प्रत्येकानं आधी आपलं चार्जर बोर्डात घालून बघितलं, कारण दुसऱ्याच्या चार्जरवर गेलेली लाईट आपल्या चार्जरवर येऊ शकते, असं आमच्याकडं मानतात. चार्जरं संपल्यावर बोर्डांना थापट्या मारण्यात आल्या. मार खाल्ल्याशिवाय वस्तू वळणावर येत नाही, याला मार्तंडरावांनी शिक्षक या नात्यानं दुजोरा दिला.

तेवढ्यात दिनकररावांच्या लक्षात आलं की गाडीतले छताचे छोटे दिवे मात्र छान लागतायत. (ते गाडीच्या आपल्या बॅटरीवर होते, पण कारण माहीत असलं की चर्चा लवकर संपते, म्हणून कुणी विचारलं नाही.) दिनकररावांनी मान हलवली आणि निर्णय दिला.

"सर, सिंगल फेज हाय, थ्री फेज न्हाई. या आठवड्यात मोटारीची पाळी रातची हाय. तवा ठिवा चहा."

टेम्पोला थ्री फेज कुठून येणार, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण ज्या माणसानं उभा जन्म रात्री उठून पाणी दिलंय, त्याला विजेच्या वेळा शिकवणारा मी कोण? मार्तंडरावांनी आत जाऊन वहिनींना कळवलं की चहा होणार, फक्त रात्री होणार. वहिनींनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मग परमेश्वर आला. गावातला वायरमन म्हणून तो ओळखला जातो. कुणी नेमला, कधी नेमला, हे कुणाला आठवत नाही. त्यानं खिशातला टेस्टर काढून बोर्डात घातला. टेस्टर पेटला नाही. त्यानं टेस्टर खराब असल्याचं सांगितलं. गावातून दुसरा आणला, तोही पेटला नाही. तिसराही नाही. आता ज्या गावात लागोपाठ तीन टेस्टर खराब निघतात तिथं काळजीचंच कारण असतं, म्हणून परमेश्वर ते तिन्ही घेऊन दिनकररावांच्या घरातल्या बोर्डावर गेला. तिथं तिन्ही लख्ख पेटले. त्यानं बाहेर येऊन सांगितलं की टेस्टर घरी पेटायलेत, गाडीत पेटंनात. टेस्टरला गाडी लागत असावी. घाटात काही माणसांना लागते तशी.

शेवटी मुळाशीच जायचं ठरलं. मी हरिओमला फोन लावला. तो परतूरकडं एका लग्नात होता आणि मागं बँड वाजत होता. त्यानं ओरडून विचारलं, मेन बघितलं का? मी मार्तंडरावांना विचारलं. मार्तंडरावांनी छाती पुढं काढली.

"म्हणजे काय? निघतानाच बंद केलंय."

जमलेले सगळे लोक गप्प झाले. ती आदराची शांतता होती. एवढा शिकलेला, एवढा फिरलेला माणूस, पण गावाला निघताना मेन बंद करायला विसरला नाही. दिनकरराव दोन म्हाताऱ्यांना हळूच म्हणाले की आमच्या सरांचं पहिल्यापासून असंच हाय. परमेश्वर स्वतः आत जाऊन मेन बघून आला आणि त्यानं दाखला दिला की सरांनी पक्कं बंद केलंय, अर्धवट न्हाई. मी हरिओमला कळवलं की मेन बघितलंय, मेनची काही काळजी नाही. तो म्हणाला, मग काय कळंना बुवा, आणि पंगत बसत होती म्हणून जेवायला गेला. अशा रीतीनं मेन संशयितांच्या यादीतून सन्मानानं वगळण्यात आलं.

दुपार झाली. या काळात जे उपाय सुचवले गेले, त्यातले काही असे: बॅटरीला ऊन दाखवणं, बॅटरीला सावली करणं, गाडीचं तोंड पूर्वेला करणं, गाडी ढकलून चालू करणं (ती चालू होतीच), आणि समोरच्या खांबावर आकडा टाकणं. आकडा हा आमच्याकडचा जुना, भरवशाचा आणि कुठल्याही दप्तरात नसलेला उपाय आहे. पण मार्तंडरावांनी त्याला ठाम मनाई केली. ते म्हणाले की माझ्या बायकोला मी चोरीच्या विजेचा चहा पाजणार नाही. हे वाक्य फार चांगलं होतं. लोकांनी ते एकमेकांना परत सांगितलं, उशिरा आलेल्यांना पहिल्यापासून सांगितलं, आणि बराच वेळ चहाचा विषयच निघाला नाही.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या लीलावहिनींचं काय, असं कुणी विचारलं नाही, पण वृत्तांत पूर्ण व्हावा म्हणून सांगतो. वहिनींनी सकाळपासून घोटभर चहा घेतला नव्हता. त्यांचं डोकं ठणकायला लागलं होतं. तानुबाईंनी कप भरून आणला, तर त्यांनी हात जोडून परत केला. म्हणाल्या, आज ह्यांच्या हातचाच. मग तानुबाईंनी आपलाही चहा ओतून दिला आणि त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मी बॅटरी बघायच्या निमित्तानं मागंच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आमच्या ह्यांनी बी केलता एकदा," तानुबाई म्हणाल्या. "थोरल्याच्या बाळंतपणात. साखर समजून मीठ टाकलं. आन मी पिले."

"मग?"

"मंग काय. आजून सांगतेत चारचौघांत, मी हिला चहा करून पाजलाय म्हणून."

दोघी खूप वेळ हसल्या. हसता हसता वहिनी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "मीठ तर मीठ. पण केलता ना." मी बॅटरी बघितली. बॅटरी ठीक होती.

उन्हं उतरायला लागली तसा मार्तंडरावांनी निर्णय घेतला. सहल संपली, परत जायचं. त्यांनी आत जाऊन वहिनींना शांतपणे सांगितलं की सर्व प्रयत्न केले, आता घरी गेल्यावर बघू. वहिनी म्हणाल्या, बरं. हे बरं मी नोकरीत रोज ऐकायचो. अर्ज फेटाळल्याचं कळल्यावर माणूस जिन्यात उभा राहून असंच बरं म्हणतो आणि छत्री उचलून निघतो.

आता प्रवासाहून परत आल्यावर घरात शिरताना काय करायचं, याचेही मार्तंडरावांचे नियम ठरलेले आहेत. पहिलं काम मेन चालू करणं. सहल संपलेली होती. घर समोर होतं. ते पायरी चढून आत शिरले, हात वर केला आणि मेन चालू केलं.

चारही बोर्डांवरचे लाल दिवे लागले. सकाळपासून बोर्डात राहिलेल्या चार्जरवरचा कुणाचा तरी मोबाईल टुणकन वाजला. खळ्यात एकच आरोळी उठली, लाईट आली. ती कशामुळं आली यावर लगेच मतं पुढं आली. दिनकररावांच्या मते थ्री फेज वेळेआधी सोडली होती, बहुतेक वरून कुणाचा तरी दौरा असणार. परमेश्वरच्या मते सकाळच्या थापट्या आता लागू पडल्या होत्या. जुन्या मालाला वेळ लागतो. मार्तंडराव म्हणाले की संयम. मेनचं नाव कुणी घेतलं नाही, आणि का घ्यावं? त्यानं फक्त आपलं काम केलं होतं.

किटली लावण्यात आली. आत पाणी सूं करायला लागलं तसा वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी उशी पाठीशी घेतली, पदर सारखा केला आणि एखादी मुलगी बक्षीस घ्यायला बसते तशा ताठ बसल्या. पडद्याच्या अलीकडून मार्तंडरावांनी विचारलं, पत्ती कुठंय? वहिनींनी बसल्या जागेवरून सांगितलं, निळ्या डब्यात. साखर? त्याच्याच शेजारी. शेजारी कुठं? उजवीकडं. उजवीकडं तर हळद दिसतेय. ती तुमची डावी. मग त्यांनी दूध थेट किटलीतच ओतलं आणि ते उतू गेलं. बोर्डाकडं ओघळ निघाला. आता जाळून घेता का काय, म्हणत वहिनी पलंगावरून उतरल्या आणि त्यांनी फडकं घेतलं.

पाय खाली ठेवले गेले होते. मार्तंडरावांनी ते बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका पसरली. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "उठलीसच आहेस, तर सगळ्यांचाच टाक ना. बिचारे सकाळपासून खपतायत."

बाहेरच्या बिचाऱ्यांनी नको नको म्हणत कडब्यावर बसून घेतलं. एवढ्या लोकांना ती किटली पुरणार नव्हती. तेव्हा वहिनी आणि तानुबाई घरात गेल्या, गॅस पेटवला, मोठं पातेलं चढवलं, आलं ठेचलं. गाडीघरातले चारही बोर्ड तेव्हा उत्तम स्थितीत चालू होते आणि त्यांची कुणालाच गरज नव्हती.

चहा आला. मार्तंडरावांनी सर्वांना थांबवलं. दिलेला शब्द विसरणारा तो माणूस नाही. त्यांनी ट्रेमधला पहिला कप उचलला, वहिनींपुढं गेले आणि चारचौघांसमक्ष त्यांच्या हातात दिला. "घे," ते म्हणाले. "माझ्या हातचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मैथिलीला पाठवायला फोटो मीच काढला. वहिनी कपाकडं बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आलं जरा जास्त पडलं होतं. मग त्यांनी एक घोट घेतला, तानुबाईंकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मी केला तेव्हा गरम होता." तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. मार्तंडराव म्हणाले की वाटपात थोडा वेळ जातोच.

मोहीम पूर्ण यशस्वी झाली असून सर्व बोर्ड चालू आहेत, असं मी हरिओमला रात्री कळवलं. पुढच्या वाढदिवसाला पुन्हा गाडीघर घ्यायचं मार्तंडरावांच्या मनात आहे. वहिनींना विचारलेलं नाही, पण त्यांची हरकत नसावी; त्यांची कधीच नसते.

तुम्ही हे वाचताना हसला असाल, आणि मेनचा घोळ तर तुमच्या केव्हाच लक्षात आला असेल. हुशार आहात. वाचता वाचता तुम्ही जो कप रिकामा करून बाजूला ठेवला, तो तुमच्या हाताशी आपोआप आला, एवढं फक्त लक्षात आलं नाही. आणि वाचणाऱ्या तुम्ही बाई असाल, तर इथपर्यंत एका दमात आलेल्या नाही आहात. मधे किमान एकदा आतून हाक आलीच असणार, अमुक कुठंय म्हणून. बहुतेक आत्ताही आली. जा बाई, जा. आणि उठल्याच आहात तर माझाही अर्धा कप टाका, बिनसाखरेचा.